खाज घेऊन इंदूरला

मी इंदूर पाहिलं ते बहुतेक उभ्यानं. खुर्चीत टेकलो की मांड्यांखाली आणि पाठीवर आग सुरू व्हायची. मग काहीतरी निमित्त काढून मी उठायचो. भिंतीवरचे फोटो पाहायचो, खिडकीत जायचो, नाहीतर सरळ फाटकाबाहेर येऊन उभा राहायचो. त्यामुळे माझं इंदूर हे खिडक्यांतून, जिन्यांवरून आणि फाटकांतून दिसलेलं आहे. परत आल्यावर सांगलीतल्या मित्रांनी विचारलं, तेव्हा "पोहे छान मिळतात" एवढं सांगून मी मोकळा झालो. बाकीचं आता लिहितो.

आधी खाजेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझं नाव प्रकाश. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. गेली दोनेक वर्षं माझ्या हातापायांवर आणि पाठीवर बारीक, कडक पुटकुळ्या येत होत्या, मसुराच्या दाण्याएवढ्या. रक्त निघाल्याशिवाय हात थांबत नसे, आणि रक्त निघालं तरी खाज थांबत नसे. कोणी ॲलर्जी म्हणालं, कोणी खरूज. खरजेचं मलम आम्ही घरातल्या सगळ्यांनी गळ्यापासून तळपायापर्यंत चोपडलं, अंथरूण-पांघरूण उकळून काढलं. वांगी बंद केली, मासे बंद केले. मग वजन उतरायला लागलं, तोंडात पांढरा थर धरला, तेव्हा एका डॉक्टरांनी वेगळी तपासणी लिहून दिली. एचआयव्ही निघाला, आणि तोही फार पुढे गेलेला. प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी मोजतात, त्या तळाला गेल्या होत्या. माझी बायको सुनंदा आणि मुलगी मुग्धा, दोघींची तपासणी झाली. दोघींना काही नाही. आजार माझ्याकडे कुठून आला, ते मी आणि सुनंदा बोललो आहोत. ते आमच्यापुरतं आहे.

गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत ताप गेला, भूक आली, गाल थोडे भरले. खाज मात्र हटेना.

मुग्धा इंदूरजवळ राऊला एका कॉलेजात शिकवते. तिनं आणि तिथल्याच एका मराठी घरातल्या अनिरुद्धनं लग्न करायचं ठरवलं, आणि त्याच्या आईवडिलांनी आम्हाला घर पाहायला बोलावलं. निघायच्या आधी मुग्धाचा फोन आला.

"बाबा, अनिरुद्धला मी तुमचं सांगितलंय. त्याच्या घरी कुणी सांगायचं, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. गोष्ट तुमची आहे."

मी ठरवलं की आपणच सांगायचं, आणि पहिल्याच दिवशी. ऑक्टोबरच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निघालो.

पोहे

गाडी सकाळी पोचली. स्टेशनवर अनिरुद्ध आणि त्याचे वडील वसंतराव घ्यायला आले होते. वसंतराव वीज मंडळातून निवृत्त, अंगानं भरभक्कम, आवाज मोठा. प्रत्येक वाक्याला ते समोरच्याच्या पाठीवर थाप मारतात. माझ्या पाठीवर पहिली थाप पडली, तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना वाटलं, प्रवासाचा शीण.

"घर बाद में. पहिले नाश्ता करू," ते म्हणाले आणि गाडी एका कोपऱ्यावर थांबवली.

आमच्याकडे पोहे म्हणजे घरी पाहुणा आला की करायची गोष्ट. इथे साऱ्या शहराला रोज सकाळी रस्त्यावर उभं राहून पोहे लागतात. वाफेवरचे पिवळे पोहे, वर मूठभर शेव, कच्चा कांदा, आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. बाजूला जिलेबी. पोह्यांबरोबर जिलेबी हे मला पटलं नव्हतं. दुसऱ्या घासाला पटलं. सगळे उभ्यानंच खात होते, त्यामुळे मीही त्यांच्यातलाच एक. दुकानाचा खांब पाठीशी होता. मी हळूच त्याला टेकून पाठ वरखाली केली. शेजारचा एक तरुण पाहत होता. त्यानं बायकोला काही सांगितलं आणि दोघं आपापले पोहे घेऊन पलीकडे सरकले. सुनंदानं ते पाहिलं. ती माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि पोहे खात राहिली.

रस्ते खरंच स्वच्छ आहेत. खाऊन झाल्यावर पोह्यांचा कागद हातात धरून लोक डबा शोधत होते.

घर

मुग्धाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणखी दोघी राहतात, म्हणून आम्ही लॉज पाहणार होतो. वसंतरावांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "घर असताना हॉटेल? लोक काय बोलतील भिया." भैयाचं इंदूरमध्ये भिया होतं. मुलीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या पिढीत माझे आजोबा मोडत. मी मात्र लग्नाआधीच व्याह्यांच्या घरी मुक्कामाला उतरलो.

अनिरुद्धच्या आई, शैलाताई, शाळेत गणित शिकवायच्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, पण समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहणाऱ्या. त्यांनी वरची खोली आमच्यासाठी लावली होती. पलंगावर नवी पांढरी चादर, कडेला निळ्या दोऱ्याचं काम.

"आराम से बसा. पंखा तेज करू का?" त्या म्हणाल्या.

मी चादरीकडे पाहत होतो. घरी मी गडद रंगाच्या चादरीवर झोपतो.

दुपारी मुग्धा राऊहून आली. आम्ही तिच्याबरोबर तिचं कॉलेज पाहायला गेलो. शहर संपतं आहे असं वाटेपर्यंत नव्या इमारती सुरू होतात, मध्येच काळ्या मातीचा एखादा तुकडा, त्यात कापलेल्या सोयाबीनचे ढीग. कॉलेजच्या कट्ट्यावर मुग्धा माझ्याशेजारी बसली.

"आज सांगणार?"

"जेवताना."

"बाबा, हात," ती म्हणाली. मी बोलता बोलता मनगट खाजवत होतो. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि धरून ठेवला. तिनं हात धरलेला बरा वाटत होता, आणि कधी एकदा सोडते असंही झालं होतं.

जेवताना भुट्ट्याचा कीस होता. कोवळं कणीस किसून दुधात आणि तुपात शिजवतात, वर मोहरी, मिरची, कोथिंबीर. आम्ही मका भाजतो नाहीतर उकडतो, त्याच्या पलीकडे आमची धाव नाही. मी तीनदा मागून घेतला. एकदा भूक होती म्हणून, आणि दोनदा तोंड भरलेलं असलं की बोलायला नको म्हणून. वसंतराव हॉलच्या भाड्याबद्दल, वऱ्हाडाबद्दल बोलत होते. मी "एक सांगायचं होतं" म्हणून सुरुवात केली. ते म्हणाले, "देण्याघेण्याचं ना? ती बातच काढू नका, आपल्याकडे ते नाही." सगळे हसले. मी पाणी प्यायलो.

गच्ची

सकाळी उठलो तर चादरीवर डाग होते. लाल-तपकिरी ठिपके, पाठीच्या जागी, पायांच्या जागी, एक लांब ओरखडा उशीजवळ. असे डाग घरी रोजचेच. पण ती चादर लोकांची होती, पांढरी होती, आणि ते रक्त माझं होतं.

"गार पाण्यानं निघतील," सुनंदा म्हणाली. आम्ही दोघं न्हाणीघरात वाकून चादर चोळत बसलो. तिचे हात मी बाजूला सारत होतो, ती माझे. वाळलेल्या डागानं कुणाला काही होत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. तरी मी तिला हात लावू देत नव्हतो. शेवटी ती वैतागून म्हणाली, "चार महिने मीच धुतेय ना?" मग मी हात मागे घेतले.

डाग फिके झाले, गेले नाहीत. चादर घेऊन मी एकटाच गच्चीवर गेलो. दोरीवर टाकत होतो तोच मागून शैलाताई आल्या, हातात ओल्या कपड्यांची बादली.

"अरे, ही तुम्ही का धुतली? बाई येते ना."

मी चादर पसरत राहिलो. त्यांनी चादरीचं टोक सरळ करायला हात लावला आणि त्यांना डाग दिसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धुताना मी बाह्या वर सारल्या होत्या आणि खाली करायच्या राहिल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत पुटकुळ्या, खपल्या, जुन्या पुटकुळ्यांचे काळे वण.

"हे काय झालं हाताला? मच्छर?"

त्या वाटेनं सुटता आलं असतं. पण कालपासूनचं लपवणं आता पुरे झालं होतं.

"शैलाताई, मला एचआयव्ही आहे," मी म्हणालो. "ही खाज त्याच्यामुळे आहे. गोळ्या चालू आहेत. सुनंदाला नाही, मुग्धाला नाही, दोघींची तपासणी केली आहे. मी काल सांगणार होतो."

त्यांनी चादर सोडली नाही. मी खाजवू नये म्हणून दोन्ही हात दोरीवर धरून ठेवले होते.

"मुग्धाला नक्की नाही?"

"नक्की."

"अनिरुद्धला ठाऊक आहे?"

"हो. मुग्धानं त्याला आधीच सांगितलं."

तोवर त्यांचा चेहरा विचारात पडल्यासारखा होता, तो आता बदलला. "मतलब घरात फक्त मलाच खबर नव्हती," त्या म्हणाल्या.

"वसंतरावांनाही नाही. त्यांना मी खाली जाऊन सांगतो."

"आज नको. पहिले मला समजू द्या." त्यांनी बादलीतले कपडे वाळत घातले, एकेक झटकून, सगळे. मग खाली गेल्या. थोड्या वेळानं फाटकाचा आवाज आला.

लालबाग

"शैला कुठे गेली काय माहीत. फोनही घेत नाही," वसंतराव म्हणाले. "चला, तुम्हाला लालबाग दाखवतो."

त्या दिवशी मला घरात बसण्यापेक्षा कुठेही चालणार होतं. लालबागचा राजवाडा पाहण्याची माझ्यासाठी एक सोय होती. तिथे कुणालाच बसू देत नाहीत. संगमरवरी जिने, रंगवलेली छतं, झुंबरं, आणि मखमली खुर्च्या दोरीपलीकडे. वसंतराव पुढे, सुनंदा मध्ये, मी मागे. एका दालनात कुणी नाही असं पाहून मी चौकटीला पाठ घासली. जो आराम मिळाला तो शब्दांत सांगता येत नाही. तो संपायच्या आत पहारेकरी आला.

"चाचाजी, दीवार से हटिए."

वसंतराव मागे वळून हसले. "प्रकाशजी, एवढ्या गर्मीत फुल शर्ट. तुम्ही तर कलेक्टर वाटता." आणि पाठीवर थाप.

बाहेर मैदानावर मोठी झाडं आहेत. इथे मेळे भरतात, लहानपणी ते इथे हरवले होते, शैलाताईंना पहिल्यांदा मेळ्यातच घेऊन आले होते, असं सगळं ते सांगत होते. मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. या माणसाला अजून ठाऊक नाही, त्याच्या बायकोला ठाऊक आहे, आणि ती कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. झाडाखाली चिलटं होती. घोट्यापाशी चावली. जिथे चावली तिथे थोड्या वेळानं टणक गाठी आल्या. मी चालत राहिलो. मैदानाला एक चक्कर मारली, दुसरी मारली. वसंतराव दमून एका ओट्यावर बसले आणि सुनंदाला म्हणाले, "यांना शुगर आहे का? डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल."

"चालणं चांगलंच," सुनंदा म्हणाली.

संध्याकाळ

आम्ही परतलो तेव्हा शैलाताई घरी होत्या. त्यांनी वसंतरावांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. गच्चीवरचं मी सुनंदाला सकाळीच सांगितलं होतं. आतला आवाज येत नव्हता, आणि वसंतरावांचा आवाज येत नाही ही गोष्टच मला भीतीदायक वाटत होती. सुनंदानं वरून बॅग आणून कपडे भरायला घेतले. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, भरून ठेवते.

मग दोघं बाहेर आले. शैलाताई समोर बसल्या.

"मी आज खूप भटकली," त्या म्हणाल्या. "पहिले बहिणीकडे निघाली होती. अर्ध्या रस्त्यात वाटलं, तिला सांगितलं तर साऱ्या इंदूरला सांगितल्यासारखं. मग माझी एक विद्यार्थिनी आहे, स्किनची डॉक्टर, तिच्याकडे गेली. तुमचं नाव नाही घेतलं. बस विचारलं, की असं असतं का."

मला राग आला. इतक्या भीतीतही आला. "विचारायच्या आधी मला विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "आणि इथे झोपायच्या आधी तुम्ही मला सांगायला हवं होतं."

 वसंतराव फरशीकडे पाहत होते.

"उद्या सकाळी ती तुम्हाला पाहील," शैलाताई म्हणाल्या. "यायचं तर या. जबरदस्ती नाही."

दवाखाना

डॉक्टर मुग्धापेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं आधी हात धुतले, मग माझा हात हातात घेतला. हातमोजे न घालता. बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या, मनगटाचा आतला भाग पाहिला.

"सर, इथे काहीच नाही. खरूज असती तर बेचक्यांत दिसली असती. हे दुसरं आहे." ती हिंदी-मराठी मिसळून बोलत होती. "या आजारात इम्युनिटी फार खाली गेली की पुष्कळ लोकांना हा पुरळ येतो. डास, चिलट, काहीही चावलं, की शरीर जरुरीपेक्षा जास्त चिडतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

मी तिला लालबागेत चावलेले घोटे दाखवले. तिनं मान हलवली.

"पण गोळ्या चालू होऊन चार महिने झाले. वजन वाढलं, मग खाज का जात नाही?" मी विचारलं. आणि कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की गोळ्यांमुळेच होत असेल असं वाटून त्या बंद कराव्यात, हा विचार रोज डोक्यात येतो.

"बंद नका करू," ती म्हणाली, आणि या वेळी नीट माझ्याकडे पाहून. "या पुरळाचं खरं औषध त्याच गोळ्या आहेत. फक्त टाइम लागतो, कित्येक महिने. तोपर्यंत मी खाज कमी करायचं देते." गाठींवर लावायचं मलम, सबंध अंगाला लावायचं साधं मलम, संध्याकाळी घ्यायची एक गोळी. नखं कापायची, मच्छरदाणी लावायची. त्यानं नाही भागलं तर दवाखान्यात विशिष्ट प्रकाश अंगावर घेण्याचा उपचार असतो, आणि गरज पडली तर कातडीचा बारीक तुकडा काढून तपासता येतो. सांगलीच्या डॉक्टरांना द्यायला तिनं सगळं लिहून दिलं.

शैलाताई बाहेर बसल्या होत्या. "त्यांना आत बोलवा," मी म्हणालो. त्या आल्या, उभ्याच राहिल्या.

"आणि चादर?" त्यांनी विचारलं. "रक्ताची."

"वाळलेल्या डागानं काही होत नाही, मॅडम. साबण-पाण्यानं धुवा. ओलं रक्त असेल तर ग्लोव्ज घाला, ते कुणाचंही असू दे."

त्यांनी वर्गात मुलाचं उत्तर तपासावं तसं ते ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

परतताना रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "लग्नाला मी ना नाही म्हणत. हो म्हणायला मला वेळ लागेल. अनिरुद्धनं माझ्यापासून लपवलं, पहिले मला त्याच्याशी बोलायचं आहे."

"त्याला वाटलं असेल, गोष्ट माझी आहे."

"ते ठीक आहे. पण तो माझा मुलगा आहे."

संध्याकाळी अनिरुद्ध कामावरून आला तेव्हा स्वयंपाकघरात त्या दोघांचं बोलणं झालं. मी खिडकीत उभा राहून समोरच्या मैदानावरची मुलं पाहत होतो. बोलणं लांबलं. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, दाल-बाफले खाऊनच जायचं. आई करतेय."

बाफले म्हणजे गव्हाच्या पिठाचे गोळे, आधी उकडून मग भाजलेले, कुस्करून तुपात बुडवलेले, वर वरण. आमच्या चुलीत असं काही होत नाही. ते खाल्ल्यावर माणूस हलू शकत नाही. मी त्या रात्री बराच वेळ एका जागी बसलो होतो.

परत

स्टेशनवर वसंतराव आले. शेवेची आणि जीरावनची पाकिटं दिली, सामान डब्यात चढवलं. निरोप घेताना मी पुढे झालो. त्यांचा हात वर आला, मध्येच थांबला, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. नमस्कार केला. थाप काही पडली नाही. मला ते लागलं. पहिल्या दिवशी याच थापेनं डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आता ती नाही म्हणून सांगलीपर्यंत चैन पडलं नाही.

सांगलीत आमच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि तेच उपचार पुढे चालवले. इंदूरहून शैलाताईंचे फोन येत. लग्नाचं नाव नाही. "मलम लावता का? मच्छरदाणी बांधली?" एवढंच, मग फोन सुनंदाकडे. दिवाळी गेली. मार्गशीर्षात एकदा त्यांनी नेहमीसारखं सगळं विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "माघात तारीख बघू का? तेव्हा इथे थंडी असते, तुम्हालाही बरं पडेल." मी हो म्हणालो. नंतर वसंतराव फोनवर आले. त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग म्हणाले, "प्रकाशजी, त्या दिवशी स्टेशनवर... जाऊ द्या. लवकर या." मीही पुढे विचारलं नाही.

वण अजून आहेत, काळे. नव्या गाठी कमी येतात, एखादा आठवडा येतच नाहीत, मग चार-सहा येतात. डॉक्टर म्हणतात, पेशी वाढताहेत, धीर धरा.

मागच्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर सुनंदा माझ्यावर वाकून उभी होती. तिचा तळहात माझ्या नाकापुढे होता. खोलीत चांगलं ऊन आलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. खाजवण्याचा आवाज येईना, म्हणून पाहिलं."

मी रात्रभर झोपलो होतो. ते कळायला मलाही वेळ लागला. ती पलंगाच्या काठावर बसली, पदरानं डोळे पुसले. मी सरकून जागा केली. ती माझ्या शेजारी आडवी झाली, आणि दुपारपर्यंत झोपली.